आईचा व्हिसा आणि समीरचा पगार

मंगळवार, मार्च २००९, अल नहदा, दुबई

व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्यानं माझं सॅलरी सर्टिफिकेट न वाचताच परत सरकवलं. "मॅडम, हजबंड का चाहिए." दोघांचा पगार मिळून आईचा व्हिसा होईल, हे मीच गृहीत धरलेलं. आणि समीरचा पगार तर जानेवारीतच कापलाय, त्याच्या एकट्याचा व्हिसाच्या अटीत बसत नाही. आता माझा जास्त आहे, पण तो धरायचाच नाही म्हणे. घरभाड्याला बरा चालतो!

आईनं पुण्यातला गॅस परतसुद्धा केला. एवढी घाई करायला कोणी सांगितलं? मीच. "इन्शाल्ला, या महिन्यात होईल," म्हणाले होते.

आत्ता फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "समीररावांना काही बोलू नकोस हं. लागेल त्यांना."

स्वतःचा गॅस परत करून बसलेली बाई मला हे सांगते. आणि समीरला माझं सगळं बोलून झालं होतं. आमच्या लेकीसमोर.