चुकीचे कपाट जाळणाऱ्या दिरांसमक्ष

मी, विद्यापीठाच्या अभिलेखागाराची निवृत्त प्रमुख, पूर्ण शुद्धीवर आहे. डोके ठिकाणावर आहे आणि राग तर त्याहूनही ठिकाणावर आहे. हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणाऱ्यांनी माझा उजवा हात मागेच मोडला, म्हणून हे वेडेवाकडे अक्षर डाव्या हाताचे आहे.

माझे राहते घर शिपाईदादांच्या मुलीला द्यावे. शिपाईदादा अभिलेखागाराच्या दारात बसायचे. प्रांगणात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पोरे मेली, आणि त्याच आठवड्यात माझे दीर, तेव्हाचे सुरक्षाप्रमुख, माणसे घेऊन त्या गोळीबाराचे कागद जाळायला आले. शिपाईदादा दार अडवून म्हणाले, "साहेब, आधी सही करा, मग आत जा. नियम आहे." दिरांनी त्यांचे डोके चौकटीवर आपटले. आपटतच राहिले, आवाज ओला होईपर्यंत. दादा तिथेच गेले. कागदोपत्री म्हणे पाय घसरला. घसरला! जीभ कशी झडली नाही मेल्यांची!

पलंगाखालचा लोखंडी गज अभिलेखागारात जमा करावा, त्यावरचे डाग पुसू नयेत. "वहिनी, गोळीबाराचं कपाट कुठलं?" असे विचारत भाऊजींनी त्यानेच माझी बोटे टेबलावर ठेचली. मी किंचाळले, पण सांगितले नाही. मग 'चौकशी' लिहिलेले कपाट दिसले, ते पेटवले आणि गज तिथेच टाकून मिशीला पीळ देत निघून गेले.

अहो, आमच्याकडे कागद विषयवार लावत नाहीत. जो कागद ज्या विभागातून आला, तो त्याच विभागाच्या कपाटात जातो. गोळ्यांनी फुटलेली दारे बदलली बांधकाम विभागाने, फरशीवरचे रक्त धुतले त्यांनीच. कोणाच्या हुकमाने, कोणाच्या सहीने, ते सगळे बांधकामाच्या कपाटात आहे, नळदुरुस्तीच्या अर्जांशेजारी. 'चौकशी'चे कपाट होते परीक्षा विभागाचे; जळल्या त्या कॉपी करणाऱ्यांच्या चौकश्या. भाऊजींनी कॉपीबहाद्दरांचे तेवढे भले केले.

तेव्हा तोंड उघडले असते, तर तेही कपाट पेटले असते. आता त्या कागदांच्या नकला माझ्या वकीलबाईंकडे सुरक्षित आहेत. विद्यापीठाच्या शताब्दी ग्रंथात 'ते वर्ष शांततेत पार पडले' असे छापले आहे. त्या ग्रंथाची माझी प्रत फाडून भंगारात द्यावी. बांधकामाचे कपाट मात्र आहे तसेच ठेवावे. क्रम मोडणाऱ्याला माझा तळतळाट लागेल.

दिरांना काहीही देऊ नये.

माझ्यामागे हे मृत्युपत्र अभिलेखागारात दाखल करावे. साक्षीला भाऊजींना मुद्दाम बोलावले आहे. घराच्या आशेने धावत येतील. कागद त्यांच्या हातात देईन, "वाचा" म्हणेन. कपाट उघडून आत काय आहे ते त्यांनी पाहिले नव्हते. हे तरी वाचतात का बघू.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: शिपाईदादा गेले तीच तारीख.
लिहून देणार: (डाव्या हाताची सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या डॉक्टरीणबाई. (सही) "माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली."

साक्षीदार दुसरे: दीर, निवृत्त सुरक्षाप्रमुख. (सही) "संपूर्ण वाचले. सर्व मजकूर खरा आहे."