अप्पांचा चिमटा

कलकत्ता, ९ मार्च १९७४

तीर्थरूप अप्पांना गुरुलिंगचा शरणार्थ.

मी खुशाल आहे. दिवाळीत आपल्या उकिरड्यात धरलेला तो आखूड पंखांचा भुंगेरा नव्या जातीचा निघाला! आईला म्हणावं, आता तरी हसू नको.

त्याचं शास्त्रीय वर्णन छापायला पुरं करायचं तर त्याचं शेपटीकडचं टोक उघडून बघावं लागतं. भुंगेरा तिळाएवढा, आणि एकच. तुमचा घड्याळदुरुस्तीचा चिमटा उचलतो नि परत ठेवतो. चार दिवस हेच चाललंय. हात थरथरतो. चहा सोडून पाहिला, तरी तेच.

सोलापुरात ऊन वाढलं का?

अप्पा, दुकान बंद केलंत तेव्हा तुम्ही डोळ्यांचं कारण सांगितलंत. खरं हाताचंच होतं ना? कितव्या वर्षी सुरू झालं? मला एकतिसावं लागलंय.

उत्तर आईला न दाखवता टाका.

तुमचा,
गुरुलिंग