मोठा आस, मोठी आस

प्रिय दीडशहाणीस,

हे नाव लिहिण्याआधी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहून घेतलं. बहिणीकडे तुझं बस्तान बसलं असेल. लाँड्रीतली वाफ बाधत नाही ना? इथं घर ठीक आहे. मागच्या उधाणात पाणी पायरीला लागलं. आपण जाळी वाळत घालायचो ती जागा आता भरतीला दिसतच नाही. शेजारीण म्हणते, समुद्र पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.

बातमी अशी, की मी नाटकात काम करतोय. हसून झालं असेल तर पुढं वाच. शहरातून एक मुलगी आली, वयानं आपल्या भाचीएवढी, पण सगळे तिला ताई म्हणतात. तिला आपल्याच लोकांना घेऊन आपलंच नाटक बसवायचं होतं. पाणी तापतंय, मासा खोल आणि दूर चाललाय, आणि आपण बारीक जाळ्यांनी त्याची पोरंबाळं ओढून काढतोय, असा विषय. तालमी लिलावाच्या शेडमध्ये. मला बोलावलं ते फक्त जाळ्यांचा समुद्र उभा करायला. तिनं हिरवी जाळी आणली होती, भाजीच्या मळ्याला लावतात तसली! म्हटलं, यात कोबी सापडेल. सगळी उतरवली आणि माझ्या हातानं विणून दिली. शेवटच्या रांगेतून गाठ दिसत नाही हे मला कळतं. पण चुकीची गाठ मला दिसते ना.

नाटकात नवरा-बायको आहेत. मासा मिळेना म्हणून नवरा बारीक जाळं विणायला घेतो, तेव्हा बायको म्हणते, 'आस मोठी ठेवा.' तालमीत अख्खी शेड हसली. जाळ्याच्या भोकाला आपण आस म्हणतो, पण तो आस, मोठा आस! म्हातारा होडीवाला म्हणाला, शहरात गेलं की जाळ्याचंसुद्धा बाईमाणूस होतं. मी तर रद्दीतल्या पुस्तकावर व्याकरण शिकलेला माणूस. ताईला स्पष्ट सांगितलं, मोठी आस म्हणजे मोठी ओढ, तिचा जाळ्याशी काडीचा संबंध नाही. तिनं लगेच दुरुस्त केलं.

प्रयोग तोंडावर आला आणि नवऱ्याचं काम करणारा मोठ्या ट्रॉलरवर नोकरीला गेला. पोटापुढं नाटक कसलं! लोकांच्या चुका काढून काढून मला सगळे संवाद पाठ झाले होते, म्हणून मलाच उभं केलं. प्रयोगानंतर होडीवाल्यांत अशी जुंपली म्हणतेस! आम्ही आस मोठा केला आणि शेजारच्यानं नाही केला, तर आम्ही सोडलेला मासा त्याच्या जाळ्यात. मग आम्ही काय टाळ्या वाजवायच्या? भांडण चहाच्या टपरीपर्यंत गेलं. शेवटी काही होडीवाले मोठ्या आसाची जाळी विणायला सांगून गेले. एकमेकांच्या तोंडावर सांगितलं, म्हणजे आता मागं फिरायची सोय नाही.

दुसऱ्या प्रयोगात माझी जीभ घसरली. नाटकातली बायको कामासाठी घर सोडून जाते. मग नवरा मोठ्या आसाचं जाळं विणायला बसतो आणि स्वतःशी म्हणतो, 'आस मोठा ठेवायचा.' मी म्हणालो, मोठी ठेवायची. कोणी हसलं नाही. आत आल्यावर ताईला बजावलं, ही चूक आहे, धरून बसू नका. पुढच्या प्रयोगालाही तसंच म्हणालो.

मोठ्या आसाचं दुखणं तुला ठाऊक आहे. सुरुवातीला हात रिकामे येतात. सोडलेलं पिल्लू मोठं होऊन इथंच येईल, याची हमी कोण देणार? पाणीच असं तापलेलं. 'परत ये' म्हणायला माझ्या टोपलीत काही नाही, म्हणून म्हणत नाही. नाहीतर दोन ताटं मांडून एकट्यानं जेवायची मला काय हौस आहे?

पण पुढचा प्रयोग तुझ्या तिथं आहे. येत्या रविवारी संध्याकाळी, लाँड्रीमागच्या शाळेच्या हॉलमध्ये. शेवटी नवरा किनाऱ्यावर उभा राहून हाक मारतो, 'अगं ए, ऐकतेस का?' उत्तर येत नाही आणि दिवे विझतात. नाटकात तसंच लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. फक्त दिवेवाल्याला मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी ताईच्या खुणेकडं बघायचं नाही, माझ्याकडं बघायचं. हाक मारल्यावर मी जरा थांबणार आहे.

म्हातारपणी नट झालेला,
तुझाच