आवाज न चढवता स्कीइंग

१४ जानेवारी, बुधवार. बेस्ट, नेदरलँड्स.

दिवाळीनंतर एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, म्हणजे माफी मागणारा मी आणि देणाराही मीच. तरी न मागता पुढे लिहिणं बरोबर वाटेना.

आज संक्रांत. मीनलने तुर्की दुकानातल्या तिळाच्या वड्या केल्या. वैदेहीपुढे ताटली धरली तर ती म्हणाली, ऑस्ट्रियाला येईन, पण मंजूषामावशीच्या कारमधून. का? "Because बाबा ओरडतो." वडी घेतली आणि वर गेली. पंधरा वर्षांची आहे.

फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रियातल्या एका डोंगरगावी स्कीइंगला जाणार आहोत. बरोबर मीनलची बहीण मंजूषा, तिचा नवरा जयप्रकाश आणि त्यांची हिमानी. हे लोक युट्रेख्टला असतात. जयप्रकाश माझा साडू. आमच्यात स्पर्धा अजिबात नाही. तो दरवर्षी स्कीइंगला जातो एवढंच.

भांडी लावताना मीनल म्हणाली, "ती तुला घाबरते, श्री. हा एक आठवडा तुझ्या हातात आहे. तिथेही ओरडलास तर ती परत आपल्याबरोबर कुठे येणार नाही. आणि मी तिला आग्रह करणार नाही."

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. कधी हात उचलला? नाही. शिव्या? ड्रायव्हिंग करताना, त्याही समोरच्या गाडीला. ओरडतो? आवाज मुळात मोठा आहे. आमच्याकडे सगळ्यांचाच मोठा. तरी संशयाचा फायदा मुलीला दिला.

संकल्प: ऑस्ट्रियाहून परत येईपर्यंत आवाज चढवायचा नाही. कोणावरही. आणि तोवर गुपचूप स्कीइंग शिकून वैदेहीबरोबर डोंगर उतरायचा.

डिशवॉशरचं दार जरा जोरात लागलं, काचेचे ग्लास गेले. आवाज दाराचा होता, माझा नाही.

१८ जानेवारी, रविवार

इनडोअर स्की हॉल. या देशात डोंगर नाही म्हणून यांनी छपराखाली एक उतार बांधून त्यावर मशीनचा बर्फ पसरलाय. आत फ्रीजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं.

बिगिनर्सच्या बॅचमध्ये मी आणि डच चिल्लीपिल्ली. इन्स्ट्रक्टर कॉलेजातली मुलगी. म्हणाली, गुडघे वाकवा, पुढे झुका. मला थिअरी पक्की आहे. कंपनीत माझं कामच मशीन का थरथरतं ते शोधून काढायचं. पुढे झुकलो. ब्रेक कसा लावायचा हे तिने नंतर सांगायचं ठरवलं होतं, ही टीचिंगमधली चूक.

इन्स्ट्रक्टर उताराखालच्या जाळीत गेली. तिच्यावर मी. माझ्यावर एक लाल हेल्मेटवालं पोरगं, त्याच्या स्कीची धार माझ्या नडगीवर. रक्त बुटात उतरलं. पोराचा बाप धावत आला आणि डचमध्ये बरंच काही बोलला. मी हसून, अगदी हळू आवाजात उत्तर दिलं. बोलताना त्याच्या जॅकेटची कॉलर माझ्या मुठीत होती, पण ती बॅलन्ससाठी. तो निळा पडायला लागल्यावर सोडली.

पहिला दिवस समाधानकारक. आवाज चढला नाही.

२५ जानेवारी, रविवार

दुसरा धडा. प्रगती आहे, दिसत नाही इतकंच.

स्कीचे बूट हा छळ आहे. काढता काढता एक बूट हातातून निसटला आणि लॉकरवर आदळला. मग दुसराही निसटला. मग पहिला पुन्हा. लॉकरच्या दाराला पोचा आला. रिसेप्शनवर मी स्वतः जाऊन सांगितलं. कोण सांगतं हल्ली? त्यांनी फार नम्रपणे सुचवलं की उरलेले धडे मी ऑस्ट्रियातच घ्यावेत, खरा बर्फ वेगळा असतो. याचा अर्थ बेसिक्स झाले.

१ फेब्रुवारी, रविवार

मीनलने नडगी पाहिली. सायकलवरून पडलो म्हणालो. ही थाप झाली का? सायकलवरूनही मी पडलेलो आहे, २०१९ साली. तेव्हा पूर्ण थाप नाही.

आठवडाभर घरात आवाज नाही. वैदेही मोबाइल घेऊन जेवायला बसली, मी बोललो नाही. फक्त पोळीचे तुकडे केले. बरेच लहान झाले. तिने मोबाइल आपणहून ठेवला. बघा, शांतपणाने किती काम होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार. ऑस्ट्रिया.

पहाटे निघालो. आमच्या कारमध्ये कुकर, तांदूळ, पोहे, साबुदाणा, मीनल आणि मी. वैदेही जयप्रकाशच्या कारमध्ये. जर्मनीत सगळा नेदरलँड्स एकाच हायवेवर उभा होता. पुढच्या गाडीतून जयप्रकाश हात बाहेर काढून टाटा करायचा. मी एक अक्षर बोललो नाही. मीनल म्हणाली, "श्री, दात खाऊ नकोस, ऐकू येतंय." स्टिअरिंगचं कव्हर फाटलं. जुनं होतं.

गाव सुंदर. लाकडी घरं, छपरावर हातभर बर्फ, मागे डोंगर. अपार्टमेंटची मोठी खोली जयप्रकाशने घेऊन टाकली होती. म्हणाला, "श्रीहर्षराव, तुम्ही साधी माणसं, तुम्हाला काय करायचीय बाल्कनी!" मी हसलो. आमच्या खोलीतला कपड्यांचा स्टँड मोडका निघाला. म्हणजे मी टेकल्यावर निघाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आम्हा चौघा मोठ्यांचा उपास. मीनलने सकाळी खिचडी केली, खाली राहणारी घरमालकीण कसला वास म्हणून बघायला आली आणि वाटी घेऊन गेली.

उपासाच्या पोटी पहिली उतरण. वर जायला इथे एक ओढणारी लिफ्ट आहे: दोघांनी मिळून उलट्या टी-सारखा दांडा मांड्यांखाली धरायचा, तो फरफटत वर नेतो. माझ्या वाट्याला जयप्रकाश. सारखं चालू: "बसू नका राव, बसू नका, तो सोफा नाही!" मी बसलो. दांडा सुटला, मी आडवा, माझी काठी त्याच्या पायात, तो माझ्यावर, आणि मागून येणारं एक जर्मन जोडपं आम्हा दोघांवर. कोणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसलं. माझी काठी जयप्रकाशच्या पोटरीत बसली. नंतर पुन्हा बसली. तो म्हणाला, "दुसऱ्यांदा मुद्दाम होतं." मनाला तपासून पाहिलं. पहिल्यांदाचं नक्की मुद्दाम नव्हतं.

आवाज: नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर बर्फ पडला. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी पडदा उघडला तर सगळं गाव गप्प. कुंपणं, गाड्या, बाकं, कशालाच कोपरा उरला नव्हता. ऊन आल्यावर हवेत बारीक चमक तरंगायला लागली. पाऊल टाकलं की नव्या कापसाच्या गादीवर बसल्यासारखा आवाज. मी एकटाच रस्त्यावर उभा राहिलो आणि खरंच, कोणाचाही राग आला नाही. कोणाचाही म्हणजे कोणाचाही.

हिमानी झोपली होती म्हणून वैदेही माझ्याबरोबर खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसली. दोघंच. पाय लोंबकळतायत, खाली पांढरी झाडं. तिने मराठीत विचारलं, "बाबा, तुला भीती वाटते का उंचीची?" म्हटलं, नाही. "मला वाटते," म्हणाली, आणि माझी बाही धरली. मग जरा वेळाने, "तू हल्ली काहीच का बोलत नाहीस?" मी म्हणालो, मी शांत झालोय. ती माझ्याकडे बघत राहिली. वर पोचेपर्यंत मग काही बोलली नाही. बाही सोडली होती. मुलांना आदर वाटायला लागला की ती अशीच गप्प होतात.

खाली येताना मी पडलो, पण तिच्याबरोबर. ती हसली. मीही हसलो. यासाठीच आलो होतो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्टच्या रांगेत एक गॉगलवाला वैदेहीच्या पुढे घुसला. मी काही बोललो नाही. त्याच्या स्कीवर माझी स्की ठेवून उभा राहिलो. रांग सरकली, तो सरकला, त्याची स्की नाही. तोंडावर आपटला, नाकातून रक्त आलं, पांढऱ्या बर्फावर ते फारच जास्त दिसतं. मी त्याला टिश्यू दिला. वैदेहीसाठी उभा राहिलो याचा तिला आनंद झाला असणार. पण ती पुढच्या लिफ्टने हिमानीबरोबर वर गेली.

मीनल म्हणाली, "हे काय होतं?" म्हटलं, आवाज चढवला का मी? म्हणाली, "नाही चढवलास." आणि दुसरीकडे बघत बसली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

पुन्हा ताजा बर्फ. पोह्यांनंतर सगळे पार्किंगमध्ये बर्फाचे गोळे मारत होते. मस्त चाललं होतं. जयप्रकाशने मागून येऊन माझ्या कॉलरमध्ये मूठभर बर्फ कोंबला. म्हणाला, "श्रीहर्षराव थंड झालेत म्हणे, बघू कितपत!" सगळे हसले. वैदेही सर्वांत जास्त हसली. अगदी वाकून, हिमानीच्या खांद्यावर डोकं ठेवून. मीही हसलो.

गोळा करायला वाकलो. कारच्या चाकामागे मऊ बर्फ नव्हता, रात्री गोठलेला होता. तो मी दाबला. अजून दाबला. हे मला माहीत होतं का? विचार करतोय. हातमोज्यातून कळतं तेवढं कळलं होतं.

जयप्रकाशची भुवई फुटली. तो आधी म्हणाला, "अरे, अरे." मग हात लावून पाहिला, आणि माझ्या अंगावर आला. आम्ही पडलो. पंचेचाळीस वर्षांची दोन माणसं, इंजिनिअर, स्कीच्या बुटांत. त्याने माझं डोकं बंपरवर आपटलं. मी त्याच्या तोंडावर मारलं, माझ्या बोटांना त्याचे दात लागले. त्याने गुडघा मारला. मंजूषा किंचाळत होती, "जयू, सोड! सोड त्याला!" तो ओरडत होता, साडू नाही, शत्रू आहेस तू, असं काहीतरी. मी एक शब्द काढला नाही. मारत होतो आणि गप्प होतो. मला ऐकू येत होतं की मी गप्प आहे.

वैदेही मध्ये आली. ती आली हे मला दिसलं नाही. कोपर मागे घेतलं ते तिच्या तोंडावर बसलं.

मग सगळंच थांबलं. ओठ फाटला होता. तिने हात लावून बघितलं, आणि रडली नाही.

गावच्या डॉक्टरने टाके घातले. त्याने विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडण्याआधी वैदेही म्हणाली, "I fell." म्हणजे बापाची बाजू सांभाळली. हे मी बाहेर मीनलला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "श्री, तू आत्ता गाडीत जाऊन बस."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोणी स्कीइंगला गेलं नाही. ऊन छान होतं.

जयप्रकाशची माफी मागितली. त्याच्या भुवईला पट्टी, माझ्या डोक्याला पट्टी. तो म्हणाला, "सोड रे. आपलं काय, आपण गेंडे." मग म्हणाला, "पोरीशी बोल."

गेलो. ती खिडकीत बसली होती. म्हटलं, सॉरी, मला तू दिसली नाहीस. ती म्हणाली, माहितेय. ओठामुळे हळू बोलत होती. म्हटलं, पण एक बघ, मी महिनाभर ओरडलो नाही, एकदाही नाही. वाटलं होतं, तिने ते मोजलं असेल.

ती म्हणाली, "आधी तू ओरडायचास तेव्हा निदान कळायचं. I could hear it coming. मी वर जायचे. आता कळतच नाही, बाबा."

मशीनमध्ये थरथर बंद झाली की आम्ही रिपोर्टवर सही करतो. ती गेली कुठे, हे कोणी विचारत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. बेस्ट.

काल रात्री पोचलो. इथे पाऊस.

वैदेही त्यांच्या कारमधून युट्रेख्टला गेली. काही दिवस मावशीकडे राहते म्हणाली. शाळेला तिथून ट्रेनने येईल. विचार केला तर यात फायदेच आहेत. हिमानीचं गणित चांगलं आहे. ट्रेनमध्ये वाचन होतं. मुलीने थोडं बाहेर राहावंच. हे सगळं मीनलला समजावून सांगितलं, शांत आवाजात. ती कपडे मशीनमध्ये टाकत होती. म्हणाली, "इतक्या हळू बोलू नकोस माझ्याशी." किती दिवस राहणार, विचारलं. म्हणाली, "तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

दुपारी वैदेहीचा फोन आला, मीनलच्या फोनवर. तिला सायकल हवी आहे, मावशीच्या घरापासून स्टेशनला जायला. म्हणजे काही दिवसांपुरतं नाही. मी लांबून ओरडून सांगितलं, मी आणतो, उद्या रजा टाकतो. खरंच ओरडलो, कारण मशीन चालू होतं. मग मीनल "हं, हं" करत ऐकत राहिली आणि मला म्हणाली, सायकल स्टेशनच्या स्टँडला लाव, किल्ली मंजूषा स्टेशनवर येऊन घेईल. घरी येऊ नकोस.

गर्दीच्या वेळी ट्रेनमध्ये सायकल घेत नाहीत.

उद्या: वैदेहीची सायकल युट्रेख्टला पोचवणे, नऊनंतरच्या ट्रेनने.