वर मास्तर कुणाच्या ताटात जेवतात

मी, साफ्ता ह्रिस्कू, तेओफिल मास्तरांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हुर्दुजेन, चर्चच्या वरची आळी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितेय. गावच्या शाळेत चार यत्ता झाल्यात, म्हणून अक्षर मोठं आहे, कुणी चष्मा शोधू नये. डोकं ठिकाणावर आहे. प्यालेली नाही. शेजारचा नेकुलाय उद्या म्हणेल की प्यालेली होती, म्हणून त्यालाच साक्षीदार घेतलाय. याआधी दोनदा मृत्युपत्र लिहून चुलीत घातलं, तेव्हा हेच खरं धरावं.

पहिलं, घर. घर आणि मागचा मळा माझ्या बहिणीच्या मुलीला, तिंकाला. ती इटलीत कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळते. इथली म्हातारी तिला दिसली नाही, पण असू दे, पोरगी वाईट नाही, विसरभोळी आहे. तिला एक अट. जिल्ह्याच्या गावाहून दोन माणसं आली होती, दारावर संगमरवरी पाटी बसवू म्हणाली, ‘येथे कवी तेओफिल ह्रिस्कू राहत होते.’ मी विचारलं, “आणि मी काय गोठ्यात राहत होते?” ती हसली. मी हसले नाही. पाटीवर दोन नावं येत असतील तर लावावी, नाहीतर माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही.

दुसरं, दारू गाळायचं तांब्याचं भांडं नेकुलायला. त्यानं कुंपण हातभर माझ्याकडे सरकवलंय. भांडं त्यानं त्याच हातभर जागेवर मांडावं, म्हणजे गाळताना दर वेळी मी आठवेन.

तिसरं, मी गेल्यावर मला नेसवायचे कपडे पेटीत वरच आहेत. काळा रुमाल बांधू नका, फुलांचा बांधा. नऊ वर्षं काळा बांधला, मास्तरांनी ओळखायला तर पाहिजे. पोस्टातलं जे काय असेल ते फादर इफ्तिमिये यांनी माझ्या क्रियाकर्माला लावावं आणि प्रवचन आखूड करावं.

चौथं, मास्तरांचं टेबल, दौत आणि घंटा शाळेला. चौतीस साली हा माणूस पुस्तकांचं एक खोकं आणि फाटका बूट घेऊन गावात आला. पोरांच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर कविता लिहायचा. मी गाय पिळत असताना मागं उभा राहून वाचायचा आणि विचारायचा, “कसं वाटलं, साफ्ता?” मी म्हणायचे, “लांब आहे.” तो आत जाऊन कापून यायचा. जिल्ह्यातल्या छापखान्यानं पुढं त्याचं पातळसं पुस्तक काढलं. ते इतकं पातळ कुणामुळं आहे, हे शहरातल्या लोकांनी समजून घ्यावं.

त्या पुस्तकात आमच्या गाईवर कविता आहे. तिचं नावसुद्धा आहे, जोयाना. माझं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तू सगळ्यांतच आहेस, वेडे.” सगळ्यांत असणं म्हणजे मिठासारखं झालं. गाईला मात्र अख्खं पान.

पाचवं, वही. हिच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला.

मास्तरांची शेवटची वही, एकेचाळीस कविता, कुठंच छापलेल्या नाहीत. ती माझ्या पिठाच्या पेटीत आहे. तिच्यावर दोघांचा डोळा आहे, एक जिल्ह्याचं संग्रहालय आणि दुसरी ओलिम्पियाबाई झुग्राव.

ओलिम्पियाबाई बावन्न साली शाळेत चित्रकला शिकवायला आली. चोवीस वर्षांची, बारीक, हिरवा कोट. पुढच्याच वर्षी मास्तरांची एक कविता वरच्या लोकांना खटकली. आटलेल्या विहिरीवर होती. त्यांना वाटलं, विहीर म्हणजे सरकार. झडतीला माणसं येणार कळलं तेव्हा मास्तरांनी सगळ्या वह्या नेऊन ठेवल्या त्या ओलिम्पियाबाईच्या रंगांच्या कपाटात! मला महिन्यानं कळलं. मी म्हटलं, “माझ्या पिठाच्या पेटीत कोण हात घालणार होतं?” म्हणाले, “तुला यात ओढायचं नव्हतं.” तिला ओढायचं होतं, मला नाही. मास्तरांना दोन वर्षं डोंगरावरच्या शाळेत पाठवलं. आठवड्याला मक्याची भाकर घेऊन चढायचे ती मी. कपाट काही चढलं नाही. तेव्हापासून वह्या पिठात.

आता मास्तर गेले त्याला नऊ वर्षं झाली. दर उन्हाळ्यात मृतांच्या शनिवारी मी त्यांच्या नावानं गावातल्या बायकांना मडकी देते. मडक्यात गोड पाणी, त्याच्या कानाला चेरी बांधलेल्या, वर मेणबत्ती, सोबत वाढलेलं जेवण. जे ज्याच्या नावानं हातावर ठेवलं ते वर त्याच्या ताटात जातं, हे फादरसुद्धा नाकारत नाहीत. आणि ही बाईही दर वर्षी देते, मास्तरांच्याच नावानं! म्हणजे नऊ वर्षं माझा नवरा वर दोन ताटांत जेवतोय.

परवाच्या शनिवारी तर तिनं कहर केला. सगळ्या बायकांसमोर मडकं आणि बशी माझ्यापुढं धरली. “घ्या साफ्ताबाई, तेओफिल सरांसाठी.”

बशीत कोबीच्या पानात गुंडाळलेला भात होता, हिरवागार. मी विचारलं, “शेपू घातलाय?”

“हो. त्यांना आवडायचा ना.”

“त्यांना? माझ्या घरी माशी पडल्यासारखा वेचून काढायचे!”

बायका हसल्या. ती हसली नाही. हळूच म्हणाली, “माझा तर दोनदा मागून घ्यायचे.”

“कधी?”

“गुरुवारी वह्या तपासायला बसायचो तेव्हा. सगळे मास्तर असायचे, साफ्ताबाई. उगाच मनात काही आणू नका.”

आता मनात आणू नका म्हणे! अठ्ठेचाळीस वर्षं मी या माणसासाठी शेपू लावला नाही.

मेलेल्याच्या नावानं दिलेलं नाकारता येत नाही. घेतलं. दात आवळून म्हटलं, “देव पोचवो.” आणि माझ्या तोंडानंच तिचं ताट वर पोचलं.

घरी आल्यावर कोंबड्यांना दाणे टाकताना मात्र वेगळंच मनात आलं. मी गेल्यावर माझ्या नावानं कोण देणार? तिंका स्वतःच्या आईचा शनिवार विसरली, मीच फोन करून आठवण दिली. नेकुलाय देईल, पण वाटेत पिऊन टाकेल. मुलंबाळं देवानं दिली नाहीत. म्हणजे मी वर जाणार, रिकाम्या हातानं बसणार, आणि समोर मास्तर तिच्या ताटात जेवणार. दुसऱ्यांदा मागून घेणार. अख्ख्या गावात शनिवार न चुकवणारी बाई एकच आहे, आणि ती हीच.

म्हणून लिहून देते. वही ओलिम्पिया झुग्रावबाईंना द्यावी. छापावी, वाचावी, उशाला घ्यावी. पण त्या जिवंत आहेत तोवर दर मृतांच्या शनिवारी त्यांनी आम्हा दोघांच्या नावानं मिळून एकच मडकं आणि एकच ताट द्यायचं, दोन चमचे ठेवून. वेगळं ताट बंद. नाव घेताना आधी साफ्ता, मग तेओफिल. शेपू घालायचा की नाही हे मी वर गेल्यावर मास्तरांना विचारून स्वप्नात येऊन कळवेन. ही अट नको असेल तर वही संग्रहालयाला द्यावी आणि बाईंनी काचेतून बघावी.

सहावं आणि शेवटचं, फाटकाजवळचं चेरीचं झाड. ते तिंकानं तोडायचं नाही. गावातल्या कुणीही खुशाल चेरी तोडाव्यात, पण तोंडात टाकण्याआधी ज्यांना त्या पोचायच्या त्यांची नावं घ्यावीत, साफ्ता आणि तेओफिल. ओलिम्पियाबाई पण एक दिवस जाईल. तिला तर भाचीसुद्धा नाही. ती गेल्यावर तिसरं नाव तिचं घ्यावं.

ते हळू घेतलं तरी चालेल.

लिहिलं ते वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

साफ्ता तेओफिल ह्रिस्कू

साक्षीदार : फादर इफ्तिमिये बुझदुगा (प्रवचनाचं वाचून रागावले, पण सही केली)
साक्षीदार : नेकुलाय प्रिसाकारू (कुंपणाचं मान्य नाही म्हणतो, भांडं मान्य आहे)

हुर्दुजेन, ८ जून १९९३