वरचं दीड सप्तक

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, तेव्हा हे पत्र. वहिनीला विचारलं तर म्हणते, कामात असतात. रविवारी जेवणाच्या वेळी कसलं रे काम? मागे एकदा उचललास तेव्हा मी लेकीच्या नोकरीचं सांगत होते, आणि तू मला वेळेवर औषध घ्यायला सांगून मोकळा झालास. मला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे.

लेक नोकरीच्या गावी गेली आणि तिची गिटार माझ्या गळ्यात पडली. मी चक्क शिकवणी लावली आहे. मास्तर वयाने माझ्या निम्मे आहेत, पण रागावतात आपल्या आजोबांसारखे. तीन बोटांचा सी मेजर कॉर्ड कसाबसा बसला, तर काल म्हणाले की आता पहिलं बोट नुसतं उचला, खालची तार मोकळी सोडा, झाला मेजर सेव्हन्थ. मी उचललं. दादा, तो आवाज ऐकून मला कसंतरीच झालं. कुणी निघताना दारात थांबावं आणि पुढे काहीच बोलू नये, तसं. मी काही चुकतेय, की तो असाच असतो? दिवसभर दातांच्या दवाखान्यात बसून ड्रिलची किर्र ऐकते, त्यामुळे माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो अधूनमधून फोनवरही येऊ दे.
तुझी,
ठकी

---

१२ जून

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो. पन्नाशीत गिटार म्हणजे तू घराण्याचं नाव काढणार, कुठल्या अर्थाने ते मात्र देव जाणे. फोनवर हल्ली फार खरखर असते, म्हणून उचलत नाही. पत्रच बरं. उगाच पाली चुकचुकवू नकोस.

तू चुकत नाहीस, तो असाच असतो. सी, ई, जी हे तिघं घरचे, समाधानी. त्यांच्यात बी येऊन बसतो. बी म्हणजे वरच्या सीचा अगदी लगतचा शेजारी, भिंतीला भिंत. घर समोर दिसतंय आणि आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून तुला दारातला माणूस आठवला. गंमत बघ, तुझ्या गिटारवर हा सूर बोट उचलून मिळतो, माझ्या पियानोवर तोच एक बोट जादा ठेवून. अंगठा सीवर, करंगळी बीवर, मधली दोन आपापल्या जागी. हात ताणला जातो, मनगट कडक करू नये.

अभ्यास देतो. गिटारवर बी आणि सी शेजारशेजारच्या तारांवर एकदम वाजव आणि कान लाव. आवाजात एक थरथर ऐकू येईल. आम्ही पियानोचे सूर लावणारे त्या थरथरीवरच जगतो, दोन तारा जुळल्या की ती थांबते. मग तेच जितकं वर जाता येईल तितकं वर जाऊन कर, आणि तुला नेमकं काय ऐकू येतं ते मला सविस्तर लिही. आळस नको.

ऑगस्टमध्ये सभागृहातला मोठा पियानो लावायचा आहे, बाहेरगावच्या बाई वाजवायला येणार आहेत. त्या गडबडीत आहे.
तुझा,
दादा

---

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अभ्यास केला. थरथर ऐकू येते, आता तर दवाखान्याच्या पंख्यातही ऐकू येते. पण पुढचं लिहायला नको वाटतंय.

काल मास्तर मला शाळेच्या पियानोवर घेऊन गेले, तूच एप्रिलमध्ये लावून गेलास तो. ते गिटारवर मेजर सेव्हन्थ धरणार आणि मी तोच पियानोवर. मधल्या सप्तकात आमचं इतकं छान जमलं की मास्तर पहिल्यांदा रागावायचे थांबले. मग मी हौसेने तोच वर वर नेत गेले, आणि अगदी टोकाला तो ओळखू येईनासा झाला. बी चढून जवळजवळ सीच्या अंगावर पडत होता. मला वाटलं माझीच बोटं चुकली. तीनदा बघितलं, बोटं बरोबर होती.

दादा, तुला वरचं ऐकू येतं ना? रागावू नकोस. मागे मी आले होते तेव्हा कुकरच्या शिट्ट्या तू मोजल्या नाहीस, आणि मला वाटलं तू पेपरात रमला आहेस. तो मोठा पियानो लावायच्या आधी एकदा कान तपासून घे. तिथे चूक झाली तर चारचौघांत होईल, आणि तीस वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाईल.

लवकर उत्तर पाठव.
तुझी,
ठकी

---

९ जुलै

चि. ठकीस,
आशीर्वाद.

शाळेच्या खोलीला ओल आहे, पोरं झाकण उघडून हाणतात. पियानोचे सूर हलतातच. महिनाभर गिटार धरून कोणाचे कान तयार होत नाहीत. पी हळद आणि हो गोरी, असं या धंद्यात चालत नाही.

माझी काळजी करू नये.
दादा

---

१८ जुलै

प्रिय ठकीताईंस,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्राने घरात काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून यांना न सांगता लिहिते आहे. पत्र वाचून हे तडक कामाच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने मला बोलावलं आणि पियानोच्या वरच्या टोकाच्या पट्ट्या एकेक करून दाबायला लागले. प्रत्येक वेळी विचारत होते की सूर येतोय की नुसती टकटक. मी म्हटलं, सूर येतोय. शेवटी माझ्याकडे पाठ करून म्हणाले की त्यांना फक्त तारेवर पडणाऱ्या हातोडीची टकटक येते. वरचं दीड सप्तक नाहीच. फोनवरचं बोलणंही आता नीट कळत नाही, खरखर वगैरे सगळ्या थापा.

तरी सभागृहाच्या व्यवस्थापकांना नाही म्हणायला तयार नाहीत. म्हणतात, एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी बोलावत नाही. सवयीने लावीन म्हणतात. मला भीती वाटते. मी सांगितलं तर अंगावर येतात. तुमच्यावर चिडलेत तेवढे माझ्यावर कधी चिडले नाहीत, म्हणजे तुमचंच ऐकतील.

मुलीला आशीर्वाद. काय करायचं ते तुम्हीच सुचवा.
तुमची,
वहिनी

---

२३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने लिहिलं आहे. तिला बोलशील तर माझ्याशी गाठ आहे.

माझे कान तयार नाहीत, हे कबूल. मला पियानो लावता येत नाही, तारा पिळायची किल्ली कुठल्या बाजूला फिरवतात तेही ठाऊक नाही. पण थरथर कधी थांबते ते मला कळतं, ते तूच शिकवलंस. सभागृहात मी तुझ्या शेजारी बसते. खालची सगळी सप्तकं तू तुझ्या कानाने लाव. वरच्या दीड सप्तकात तू फिरवत जा आणि मी सांगत जाईन. व्यवस्थापकांना आधी खरं सांग, मग काय म्हणायचं ते म्हणू देत. लपवून केलंस तर मी येणार नाही.

चुकलं तर माझ्या नावावर जाऊ दे, मला कोण विचारतंय. दवाखान्यातून रजा मागितली आहे. घाबरले आहे खूप, पण येते.
तुझी,
ठकी

---

२५ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचं कळलं. तू होतीस तोवर सांगणं जमलं नाही, म्हणून लिहितो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. जूनमध्ये अभ्यास दिला तो तुझ्या गिटारसाठी नव्हता. तुला वरचं किती लख्ख ऐकू येतं ते मला बघायचं होतं. तुझ्या पत्रातून मी माझे कान तपासत होतो. शाळेचं तू लिहिलंस तेव्हा मला सगळं कळलं, आणि तुझाच राग आला. ओल-बिल काही नव्हती. शाळेत जाऊन तो पियानोही आपण नीट करू.

व्यवस्थापकांना खरं सांगितलं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, वाजवणाऱ्या बाई तपासून हो म्हणाल्या तरच. आपलं लावून झाल्यावर बाई सगळा पियानो वाजवत वर गेल्या, तेव्हा तू पियानोकडे बघत होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. टोकाला पोचल्या तेव्हा माझ्यासाठी नुसती टकटक होती, आणि तू श्वास सोडलास. मला तेवढ्यावरून समजलं. त्या उठून आपल्या दोघांना नमस्कार करून गेल्या, तो आधी तुझा आहे.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय, तुझी वहिनी सोबत येणार आहे. कानाला मशीन लागेलसं दिसतं. खालचंही हळूहळू जाईल का, ते विचारायची हिंमत होईल की नाही ठाऊक नाही. भीती वाटते, ठके.

डिसेंबरमध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं आहे. माझी किल्ली आजवर मी कोणाच्या हातात दिलेली नाही, तुझी वहिनी तर तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही. पुढच्या वेळी वरचं दीड सप्तक तू फिरव. मी शेजारी बसेन आणि मनगट कडक झालं की ओरडेन.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझा,
दादा