हौसासाठी बोललेला नवस

१८ जाने., रवि.
बारामतीला कथेच्या वर्गाला. आज कथेचे प्रकार. विनोदी, भय, रहस्य, शोकांतिका; मॅडम म्हणाल्या, एक निवडा. मी शोकांतिका घेतली. शेजारची म्हणते, "घरी रडणं कमी हाय का?" अगं, म्हणूनच!
पात्र ठरलं. हौसा. इंदापूरकडची, पेरूच्या बागेतली, तोंडाची फटकळ. छातीत दुखतं ते घरात सांगत नाही. शेवटी मरते.

१९ जाने.
पहिली चार पानं सासऱ्यांना, तात्यांना, वाचून दाखवली. पावसाळ्यात सासूबाई गेल्या, तेव्हापासून तात्या 'व्हय', 'न्हाय' एवढंच बोलतात. आज मधेच म्हणाले, "कुठल्या गावची म्हनलीस?"
"तात्या, मनातली आहे ती. खोटी."
"ते कळतंय मला. गाव कुठलं?"

२२ जाने.
रोज वाचून घेतात. आज डेअरीत दूध घालायला निघाले, दारातून मागं फिरून विचारतात, "हौसानं गोळी घेतली का?" हे हसून हसून बेजार. माझ्या मात्र अंगावर काटा. गेल्या आठवड्यात ही बाई जगात नव्हती! मी नुसतं लिहिलं, 'हौसा फाटकापाशी थांबली.' आता घरात वावरतेय. कुठून आली बया?

२५ जाने., रवि.
मॅडम खूश. "पात्र उभं राहिलंय, संघर्ष आहे. आता मरण लिहायला कचरू नका. ती वाचली तर शोकांतिका कसली?" पटलं. पुढच्या रविवारी पूर्ण कथा वर्गात वाचायची. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी चार लोकांपुढं.

२८ जाने., बुध.
सकाळपासून तात्या गायब. फोन घरातच. ऊसतोड चालू, ह्यांनी सगळं रान पालथं घातलं. दुपारी आले, कपाळाला गुलाल.
"भैरोबाला गेलतो. नवस बोललो."
"कशाचा?"
"हौसाचा. बरी झाली तर नारळ न् पेढं."
हे म्हणाले, "आवो तात्या, नसलेल्या बाईचा नवस देव कसा ऐकंल?"
"देवाला काय दाखला लागतोय?"
मला हसू आलंच नाही. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

३१ जाने., शनि.
दुपारी तात्यांना खरं सांगून टाकलं. उद्या वाचायचीय कथा, हौसाला मारावंच लागणार. प्रकारच तसा आहे.
"मग प्रकार बदल की."
"तसं नसतं, तात्या. कथा पडते."
अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला बसले. मग माझ्याकडं न बघता, "तुझ्या सासूला दवाखान्यात नेली. डाक्टर, इंजेक्शनं, सगळं केलं. आपल्या हातात काय न्हवतं. हितं तर नुसतं लिवायचं हाय, पोरी."
बापरे. कथानक, पात्र, निवेदक, सगळं वर्गात शिकले, पण हे... एवढी ताकद असते ह्यात? आणि ती माझ्या हातात दिलीय कुणी? भीती वाटतेय खरं सांगायचं तर.
मारली तर कथा झकास होणार. पक्कं माहितेय मला. आणि तात्यांना ती वाचून दाखवणार कोण?
चहा झाल्यावर शेवटचं पान घेऊन बसले. 'हौसानं डोळे' एवढं लिहून थांबलेय. तात्या उंबऱ्यातून विचारतायत, "झालं का?"